दिवा उजळ, पण मशीन अर्धे : घरचा रुग्ण आणि कमी व्होल्टेज

वीज गेली की घरातल्या प्रत्येकाला कळते. पंखा थांबतो, टीव्ही बंद पडतो, कोणीतरी खिडकीतून डोकावून शेजारच्यांचीही गेली आहे का ते पाहते. घरात ऑक्सिजनवर असलेला रुग्ण असेल तर मशीन गजर देते आणि धावपळ करून सिलिंडर जोडला जातो. वीज असते पण कमी दाबाने येते, तेव्हा मात्र यातले काहीच होत नाही. मशीन चालू दिसते, त्याचा आवाजही येतो, पण रुग्णाला जे मिळायला हवे ते पुरेसे मिळत नाही. आरोग्याच्या दृष्टीने हा दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. उन्हाळ्यात महाराष्ट्राच्या बऱ्याच गावांत आणि शहरांच्या कडेच्या वस्त्यांत तो संध्याकाळनंतर नेहमीचाच असतो.

काही वर्षांपूर्वीपर्यंत घरात वैद्यकीय उपकरण असणे ही क्वचित दिसणारी गोष्ट होती. आता दम्याच्या रुग्णाकडे नेब्युलायझर असतो, फुफ्फुसाच्या जुन्या आजारात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, झोपेत श्वास अडकणाऱ्यांकडे सीपॅप, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी हवेची गादी आणि मधुमेही माणसाच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन. २०२१ च्या कोविडच्या लाटेत अनेक कुटुंबांनी आणि संस्थांनी कॉन्सन्ट्रेटर घेतले. त्यातले कित्येक आज दुसऱ्याच रुग्णांच्या घरी चालू आहेत. रुग्णालयात अशा उपकरणांमागे जनरेटर असतो, देखभाल करणारी माणसे असतात. घरी तेच उपकरण मिक्सर आणि मोबाइलच्या चार्जरशेजारी एकाच बोर्डवर लागते.

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात उन्हाळ्यात एक चित्र ओळखीचे असते. फुफ्फुसाच्या जुन्या आजाराचा रुग्ण पहाटे धाप लागून येतो. ताप नाही, खोकला वाढलेला नाही, औषधे वेळेवर चालू आहेत. घरी कॉन्सन्ट्रेटर आहे आणि तो रात्रभर चालू होता, असे घरचे सांगतात. वॉर्डात तेवढ्याच प्रवाहाने ऑक्सिजन लावला की थोड्या वेळात रुग्णाला बरे वाटू लागते. अशा वेळी नळी दुमडली होती का, मशीनची जाळी साफ होती का, हे आम्ही विचारतो. त्याच्याच जोडीला विचारायचा प्रश्न म्हणजे रात्री व्होल्टेज किती होते. यावर बहुतेकांचे उत्तर एकच असते, ‘लाइट होती की!’

२३० चे १८० झाले तर

आपल्या घरात येणाऱ्या विजेचा ठरलेला दाब २३० व्होल्ट आहे. घरगुती पुरवठ्यात त्यापेक्षा ६ टक्के कमी किंवा जास्त एवढा फरक नियमात बसतो, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. प्रत्यक्षात डीपीपासून लांब, शेवटच्या खांबावरच्या घरात हा आकडा बराच खाली जाऊ शकतो. तारेचा स्वतःचा एक विरोध असतो. तारेतून जितका जास्त प्रवाह ओढला जातो, तितका दाब वाटेतच खर्च होतो. संध्याकाळी सगळ्या घरांत कूलर आणि एसी सुरू झाले किंवा शेतीचे पंप एकाच वेळी चालू झाले की टोकाच्या घरापर्यंत कमी दाब उरतो.

दाब थोडा कमी झाला तर उपकरण थोडेसे कमी चालेल, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. गिझर किंवा विजेची शेगडी यांतून मिळणारी उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर दाब सुमारे २२ टक्क्यांनी घटतो, पण उष्णता जवळजवळ ३९ टक्क्यांनी घटते. १६० व्होल्टवर ती निम्म्याहून कमी राहते. साध्या मोटारीचा फिरण्याचा जोरही असाच वर्गाच्या हिशेबाने पडतो. त्यात मोटारीला काम तेवढेच करायचे असेल तर ती जास्त प्रवाह ओढते आणि तापते. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेतो. दाब अपुरा असेल तर तो नुसता घुमतो, तापतो आणि आतला संरक्षक स्विच त्याला बंद करतो. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रयत्न होतो.

पूर्वी हे सगळे घरात दिसत असे. तारेचा पिवळा बल्ब हाच घरचा व्होल्टमीटर होता. तो मिणमिणला की ‘आज लाइट डीम आहे’ असे म्हणून लोक फ्रिज बंद करत. आजच्या चांगल्या एलईडी दिव्यात दाब कमी झाला तरी प्रकाश सारखा ठेवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असते. मोबाइलचा चार्जर आणि बहुतेक नवे टीव्ही १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठेही चालतात. नवे कमी विजेचे पंखेही सहजासहजी मंदावत नाहीत. ही चांगलीच सोय आहे, पण तिच्यामुळे धोक्याची जुनी खूण घरातून गेली. खोलीत लख्ख उजेड असताना व्होल्टेज १७० असू शकते आणि त्याचा पहिला फटका मोटार असलेल्या उपकरणाला, म्हणजे पर्यायाने रुग्णाला बसतो.

बुडबुडे दिसतात, ऑक्सिजन किती?

कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन तयार करत नाही, तो हवेतून वेगळा काढतो. आपल्या श्वासातल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि ७८ टक्के नायट्रोजन असतो. मशीनमधला कॉम्प्रेसर ही हवा दाबून झिओलाइट नावाच्या खनिजाच्या बारीक दाण्यांतून नेतो. दाबाखाली ते दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. मग दाब सोडला की नायट्रोजन बाहेर पडतो आणि दाणे पुन्हा तयार होतात. दोन नळकांड्यांमध्ये आळीपाळीने हे चालते आणि मशीन ठीक असेल तर ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध ऑक्सिजन मिळतो.

ही सगळी किमया कॉम्प्रेसरच्या दाबावर अवलंबून आहे. विजेचा दाब पडला, कॉम्प्रेसर कमजोर झाला, की नायट्रोजन पुरेसा धरला जात नाही आणि शुद्धता घसरते. मशीनवरची गोळी किंवा काटा लिटरचा आकडा दाखवतो, तो वायूच्या प्रवाहाचा असतो. पाण्याच्या बाटलीतले बुडबुडेही एवढेच सांगतात की वायू येतो आहे. त्यात ऑक्सिजन किती आहे, हे दोन्हींतून कळत नाही. अनेक मशीनवर शुद्धता ८२ टक्क्यांच्या खाली गेली की इशारा देणारा दिवा असतो. आपल्या मशीनवर तो आहे का आणि कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे घरातल्या किमान दोघांना माहीत हवे. शुद्धता घटण्याची दुसरी कारणेही असतात, जसे की धुळीने भरलेली जाळी किंवा ओल लागलेले झिओलाइट. म्हणून मशीनची वर्षातून एकदा उपकरणाने तपासणी करून घ्यावी.

घरी खरा निर्णय करायचा तो बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर. तो बॅटरीवर चालतो, त्यामुळे विजेचा त्याच्याशी संबंध नाही. फुफ्फुसाच्या जुन्या अडथळ्याच्या आजारात, म्हणजे सीओपीडीत, बहुतेक रुग्णांसाठी ८८ ते ९२ टक्के हे लक्ष्य असते. ते आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. आकडा नेहमीपेक्षा घसरला तर मशीनचा प्रवाह स्वतःहून वाढवत नेऊ नये. या आजारात गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येऊ शकते. अशा वेळी आधी व्होल्टेज पाहावे आणि ते कमी असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्याच प्रवाहाने सिलिंडर लावावा. तरीही आकडा वर येत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा रुग्ण गुंगीत जात असेल तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

नेब्युलायझर, गादी आणि सीपॅप

नेब्युलायझरमध्येही छोटा कॉम्प्रेसर असतो. औषधाचे थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉन इतके बारीक झाले तरच ते फुफ्फुसात खोलवर पोहोचतात. हवेचा जोर कमी पडला की थेंब मोठे होतात आणि तोंडात-घशातच बसतात. दहा मिनिटांत संपणारे औषध वीस-पंचवीस मिनिटे चालत असेल तर भांडे चोंदले आहे का ते पाहावे, आणि व्होल्टेजही पाहावे. पंप म्हणजे इनहेलर स्पेसरमधून घेतला तर विजेची गरजच नाही. ज्यांना तो जमतो त्यांनी तो जवळ ठेवावा आणि घ्यायची पद्धत डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवावी.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या हवेच्या गादीचा पंप अगदी लहान असतो. दाब कमी झाला की गादी हळूहळू सैल पडते आणि पाठीखाली ती केवळ प्लॅस्टिकची चादर उरते. गादीखाली हात घालून पाहण्याची सवय ठेवावी, आणि गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलणे चुकवू नये. सीपॅपच्या बाबतीत बातमी चांगली आहे. बहुतेक यंत्रे १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे कमी दाबाचा त्यांना फारसा त्रास होत नाही.

फ्रिजचा दिवा लागतो, पण गारवा?

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे असते. वापरात घेतलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण खोली २५ ते ३० अंशांच्या आत असेल तर. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात रात्रीही खोली याहून गरम असते. कमी दाबात फ्रिजचा कॉम्प्रेसर वारंवार बंद पडतो, पण दार उघडल्यावर आतला दिवा लागतो आणि सगळे ठीक वाटते. उष्णतेने निकामी झालेले इन्सुलिन दिसायला स्वच्छ असू शकते. खाण्यात आणि डोसमध्ये बदल नसताना साखर चढत गेली तर इन्सुलिनची शंका घ्यावी आणि नवी बाटली वापरण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

आपल्या लसीकरण यंत्रणेने या अडचणीवर फार पूर्वीच उपाय शोधला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसींच्या खास फ्रिजला आतून बर्फाचे अस्तर असते. दिवसात आठ तास वीज मिळाली तरी त्यातले तापमान २ ते ८ अंशांत राहते. त्याला स्वतंत्र स्टॅबिलायझर असतो, आणि तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिले जाते. फ्रिज चालू आहे, एवढ्यावर तिथे समाधान मानले जात नाही. घरातही फ्रिजमध्ये साधा थर्मामीटर ठेवता येतो. इन्सुलिन मधल्या कप्प्यात ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीच नको, कारण गोठलेले इन्सुलिनही वाया जाते. फ्रिजचा भरवसा नसेल तर कोरड्या हवेच्या भागात मातीचा ओला माठ चांगला उपयोगी पडतो. बाटल्या कोरड्या डब्यात घालून डबा माठात ठेवावा. कोकणासारख्या दमट हवेत माठ तेवढा गार होत नाही.

स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टरचे गैरसमज

स्टॅबिलायझर कमी दाब वाढवून देतो, पण प्रत्येकाची एक मर्यादा असते. त्याच्या पाटीवर ‘१७० ते २७०’ किंवा ‘१४० ते २८०’ असे लिहिलेले असते. घरात रात्री १५० व्होल्ट येत असतील तर पहिल्या प्रकारचा स्टॅबिलायझर निरुपयोगी आहे. म्हणून आधी मोजावे, मग विकत घ्यावे. उपकरणाचे वॅट आणि स्टॅबिलायझरची क्षमता दुकानदाराकडून पडताळून घ्यावी. कॉन्सन्ट्रेटरसाठी स्टॅबिलायझर वेगळा असावा, त्यावर फ्रिज लावू नये.

‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे’ असे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी त्याच्या मागचा छोटा स्विच पाहावा. अनेक इन्व्हर्टरना दोन रीती असतात. एका रीतीत ते साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंत येईल ती वीज जशीच्या तशी पुढे पाठवतात, म्हणजे १५० आले तर रुग्णाच्या मशीनलाही १५० च मिळतात. ‘यूपीएस’ रीतीत दाब १८० च्या खाली गेला की ते बॅटरीवर येतात. घरात मोटारीचे वैद्यकीय उपकरण असेल तर ही दुसरी रीत हवी, आणि इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा.

बॅटरी किती वेळ पुरेल याचाही हिशेब करून ठेवावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-अवर असतात. ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो. वाटेतली घट धरली तर तीन-साडेतीन तास मिळतात, आणि बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. संपूर्ण रात्र निघत नाही. म्हणून घरी भरलेला सिलिंडर हवाच. १० लिटर क्षमतेच्या ‘बी’ सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला २ लिटरने तो साडेबारा तासांच्या आसपास पुरतो.

मुलांकडे परदेशी जाताना

उन्हाळ्यात अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनाही हा विषय लागू आहे. तिथे घरगुती वीज १२० व्होल्टची असते. इथला २३० व्होल्टचा नेब्युलायझर नुसती पिन बदलून तिथे लावला तर मोटारीचा जोर जेमतेम पाव उरतो. उलट तिथले १२० व्होल्टचे उपकरण इथे लावले तर ते जळते. चाकांवरच्या घरातून, म्हणजे आरव्हीमधून फिरायला जायचा बेत असेल तर आणखी काळजी लागते. कॅम्पग्राउंडवर प्रत्येक गाडीसाठी विजेचा खांब असतो. कडक उन्हात सगळ्या गाड्यांचे एसी एकदम चालू झाले की लांबच्या खांबावर व्होल्टेज पडते, आपल्याकडच्या शेवटच्या घरासारखेच. म्हणून तिथले जाणते प्रवासी गाडी जोडण्याआधी खांबावरचा दाब मोजतात. साधारण १०४ व्होल्टच्या खाली पुरवठा आपोआप तोडणारे उपकरणही अनेक जण मधे लावतात. प्रवासात १०० ते २४० व्होल्टवर चालणारे उपकरण आणि इनहेलर-स्पेसर नेणे सर्वांत सोयीचे.

दोष घरात की बाहेर?

सुरुवात मोजण्यापासून करावी. प्लगमध्ये खोचायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर विजेच्या सामानाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतो. तो रुग्णाच्या मशीनच्याच बोर्डवर लावावा आणि आठवडाभर सकाळी, दुपारी, रात्री नऊला आणि पहाटे आकडा लिहावा. शेजारी ऑक्सिमीटरचा आकडा लिहावा. ही वही डॉक्टर आणि वायरमन दोघांनाही उपयोगी पडते.

मशीन बंद असताना २२० आणि चालू करताच १९० होत असेल तर दोष बहुधा घरातल्या वायरिंगमध्ये आहे. सैल झालेला सॉकेट, बारीक वायरचा लांबलचक एक्स्टेंशन बोर्ड, एकाच बोर्डवर लावलेली इस्त्री ही नेहमीची कारणे. सॉकेट किंवा पिन हाताला गरम लागत असेल तर तो बदलून घ्यावा, कारण तिथे आगीचाही धोका असतो. मशीन चालू असो वा बंद, दाब कमीच राहत असेल तर दोष बाहेरच्या लाइनवर आहे.

एक प्रकार तातडीचा आहे. काही दिवे मंद आणि काही एकदम प्रखर होत असतील, किंवा आपल्याकडे दाब पडतो आणि त्याच वेळी शेजाऱ्याकडे वाढतो, तर न्यूट्रलची तार सैल झालेली असू शकते. यात एखाद्या घरात दाब ३०० च्या वरही जातो. रुग्णाला सिलिंडरवर घ्यावे, मेन स्विच बंद करावा आणि लगेच वीज कंपनीला कळवावे. खांबाला किंवा डीपीला स्वतः हात लावू नये.

तक्रार १९१२ या क्रमांकावर करावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. घरी ऑक्सिजनवर रुग्ण आहे, असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र आणि व्होल्टेजच्या नोंदी लेखी अर्जाला जोडाव्यात. ‘लाइट कमी येते’ यापेक्षा ‘रात्री नऊ ते बारा १६५ व्होल्ट’ ही तक्रार बाजूला सारणे अवघड असते. दाद लागली नाही तर २००३ च्या वीज कायद्यानुसार प्रत्येक वितरण कंपनीला ग्राहक तक्रार निवारण मंच ठेवावा लागतो, तिथे जाता येते. शेवटच्या खांबावरच्या चार-पाच घरांनी मिळून अर्ज केला तर आणखी बरे, कारण दाब त्या सगळ्यांचाच पडलेला असतो.

रुग्ण ऑक्सिजन घेऊन घरी निघतो तेव्हा आम्ही औषधांची यादी देतो. त्या कागदाच्या मागे नातेवाइकांनी तीन आकडे लिहून मशीनजवळ चिकटवावेत : डॉक्टरांनी सांगितलेला प्रवाह, ऑक्सिमीटरवर हवी असलेली पातळी आणि मशीनच्या पाटीवरचे किमान व्होल्टेज. रात्री झोपण्याआधी तिन्ही एकदा पाहायला एक मिनिटही लागत नाही.